चावीवाला आणि तांब्याचा फेस

आमच्या मजल्यावरचे काका पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. मुंबईबाहेरच्या वाचकांना हा हुद्दा कदाचित माहीत नसेल. सात तलावांतून शहरात येणारं पाणी सगळ्यांना एकाच वेळी पुरत नाही, म्हणून रस्त्याखालचे व्हॉल्व्ह ठरलेल्या वेळी उघडायचे आणि आवळायचे असतात. लांबलचक लोखंडी चावी खड्ड्यात घालून, पिळे मोजत हे काम करतो तो चावीवाला. भांडुपच्या टेकडीवरच्या वस्तीत पाणी चढायला किती वेळ लागतो, खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती पिळे आवळला की वरच्यांना प्रेशर मिळतं, कमी पाणी आलं की पहिली शिवी कुठल्या चाळीतून येते, हे सगळं काकांच्या डोक्यात. कागदावर काहीच नाही.

निवृत्तीनंतर त्यांना इतरांच्या नोकऱ्यांची चौकशी करायचा नाद लागलाय. मागे एका रविवारी गॅलरीत मला अडवून म्हणाले, "तू म्हणे रात्रभर कॉम्प्युटरवर फेस बघत बसतोस. त्याचे पैसे देतात?"

देतात. फेस साबणाचा नाही, तांब्याचा आहे. माझं ऑफिस ऐरोलीला आणि फेस चिलीच्या उत्तरेतल्या वाळवंटात. त्या दिवशी आणि नंतर बरेच रविवार काकांना जे सांगत गेलो ते इथे मांडतोय. त्यांचे प्रश्न माझ्या इंजिनिअर मित्रांच्या प्रश्नांपेक्षा बरे होते, त्यामुळे त्यांच्या बोटाला धरूनच जाऊ.

पहिली गोष्ट म्हणजे खाणीतून तांबं निघत नाही, दगड निघतो. आजकाल ज्याला बऱ्यापैकी साठा म्हणतात त्यात शंभर किलो दगडामागे एक किलो तांबं असतं, पुष्कळ ठिकाणी त्याहून कमी. तेही सुटं नसतं. गंधक आणि लोखंडाबरोबर बांधलेलं, पितळेसारखं चमकणारं चाल्कोपायराइट नावाचं खनिज दगडात बारीक बारीक विखुरलेलं असतं. हा सगळा दगड भट्टीत घालायचा म्हटलं तर कोळशाचं बिल भरता भरता खाण विकावी लागेल. म्हणून आधी दगड दळायचा, केसाच्या जाडीइतका किंवा त्याहून बारीक, म्हणजे खनिजाचा कण आणि फुकट दगडाचा कण एकमेकांपासून सुटे होतात. मग त्यात पाणी घालून लापशी करायची. आता प्रश्न उरतो तो या करड्या लापशीतून नेमके पिवळे कण वेचायचे कसे.

उत्तर आपल्या स्वयंपाकघरात होतं. दही घुसळताना रवी नुसतं ढवळत नाही, हवाही आत ओढते. स्निग्धाचे थेंब पाण्याशी फटकून वागतात, ते हवेच्या बुडबुड्यांना जाऊन चिकटतात, फेसाबरोबर वर येतात, एकमेकांत मिसळतात आणि लोण्याचा गोळा तरंगतो. ताक खाली राहतं. खनिजाचंही असंच करायचं. मोठ्या टाकीत लापशी घुसळायची, खालून हवा सोडायची, हवे ते कण बुडबुड्यांवर बसून वर आले पाहिजेत आणि दगडाची माती ताकासारखी खाली राहिली पाहिजे. दहावीच्या विज्ञानात हे फेनतरण या नावाने येतं. मार्कांपुरतं आपण सगळ्यांनी ते पाठ केलेलं असतं.

फरक एवढाच की लोण्याला पाण्याचा तिटकारा जन्मजात असतो. तांब्याच्या कणाला तो शिकवावा लागतो. त्यासाठी झँथेट नावाचं रसायन घालतात. वासाला सडक्या कोबीसारखं, पण कामाला हुशार. त्याच्या रेणूचं एक टोक गंधकयुक्त खनिजाच्या पृष्ठभागाला घट्ट धरतं आणि दुसरं तेलकट टोक बाहेर राहतं. असा तेलाचा अंगरखा चढलेला कण मग पाणी सोडून बुडबुडा पकडतो. टनाला काही ग्रॅम, फार तर काही डझन ग्रॅम एवढंच हे लागतं. दुसरं एक रसायन बुडबुडे लहान आणि टिकाऊ ठेवतं. पूर्वी त्यासाठी सर्रास पाइनचं तेल वापरत. तिसरा घटक चुना. चाल्कोपायराइटचा सोबती पायराइट, म्हणजे निव्वळ लोखंड आणि गंधक, हाही बुडबुड्यावर चढायला टपलेला असतो. चुन्याने पीएच दहा-अकराच्या घरात नेला की तो बहुतांशी गप्प बसतो.

या शोधाभोवती एक छान दंतकथा आहे. कॅरी एव्हरसन नावाची अमेरिकन बाई भावाची तेलकट पोती धूत असताना तिला खनिज फेसावर तरंगताना दिसलं, म्हणे. पोत्यांची गोष्ट रचलेली आहे. बाई मात्र खरी, आणि तिने नीट प्रयोग करून १८८६ साली पेटंट मिळवलं. बाईने काही शोधलं की त्यात धुणंभांडी घुसडायची खोड आपल्याकडेच आहे असं नाही. कारखान्याच्या आकारात हे तंत्र उभं राहिलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलला. तिथे जस्त काढता न आल्यामुळे टाकून दिलेल्या चुऱ्याचे डोंगर साचले होते. त्यावर उपाय सुचवणाऱ्यांपैकी चार्ल्स पॉटर हा मेलबर्नचा बिअर बनवणारा होता. फेसाकडे बघायची सवय असणार!

काकांनी इथे पहिला नेमका प्रश्न विचारला. "मग अडचण काय? टाकी भरायची, हवा सोडायची, फेस काढायचा."

अडचण हिशोबात आहे. एक टन दगड घ्या, त्यात तांबं दहा किलो. प्लांट चांगला चालला तर त्यातलं नऊ किलो फेसात येतं. याला म्हणायचं रिकव्हरी, नव्वद टक्के. पण फेसातून निघणारा माल निव्वळ तांबं नसतो. चाल्कोपायराइट अगदी शुद्ध असलं तरी त्यात तांबं पस्तीस टक्क्यांच्या आसपासच असतं, आणि थोडी माती येतेच. समजा मालात तांबं पंचवीस टक्के निघालं. याला म्हणायचं ग्रेड. म्हणजे एका टनातून छत्तीस किलो माल भट्टीकडे जातो आणि उरलेला नऊशे चौसष्ट किलो चिखल एक किलो तांबं पोटात घेऊन टाकाऊ चिखल साठवायच्या धरणात. दिवसाला दहा हजार टन दगड दळणाऱ्या प्लांटची रिकव्हरी नव्वदवरून एकोणनव्वदवर आली तर रोज एक टन तांबं त्या धरणात गेलं. टनाची किंमत लाखांत आहे. आणि ते परत मिळवायचं म्हणजे सगळा चिखल पुन्हा उपसायचा.

मग हवा वाढवा, सगळंच वर येऊ द्या? तसं केलं की बुडबुड्यांच्या मधल्या पाण्याबरोबर माती फुकट प्रवास करून वर येते. रिकव्हरी चढते, ग्रेड पडतो आणि भट्टीवाले दंड लावतात. फेसाचा थर जाड ठेवला तर पाणी निथळतं, माल स्वच्छ निघतो, पण काही कण वाटेतच बुडबुड्यावरून घसरतात. थर पातळ केला की उलट. झँथेट कमी पडलं तर कण रिकामे राहतात, जास्त झालं तर पायराइटलाही पंख फुटतात. लोकलच्या दारासारखंच आहे. जास्त वेळ उघडं ठेवलं तर सगळे चढतात, पण मग ज्यांना चढवायचं नव्हतं तेही आत आणि गाडी लेट.

बरं, टाकी एक नसते. पाच-सहा-आठ टाक्यांची रांग असते, एकीतून दुसरीत चिखल उतरत जातो. पहिल्या रांगेत जमेल तेवढं काढायचं, दुसऱ्या रांगेत सुटलेलं पकडायचं, आणि निघालेला फेस तिसऱ्या रांगेत पुन्हा घुसळून स्वच्छ करायचा. तिथून नाकारलेला माल पुन्हा मागे येतो. नव्या प्लांटमधली एक टाकी तीन लाख लिटरची सहज असते; आपल्या सोसायटीत मे महिन्यात येतात तसले पाण्याचे तीस टँकर एकीत रिते होतील. आणि हे तांब्याचं झालं, एकाच धातूचं. भिलवाडा जिल्ह्यातल्या रामपुरा आगुच्यासारख्या खाणीत शिसं आणि जस्त दोन्ही असतात. तिथे आधी जस्ताला दाबून ठेवायचं, शिसं काढून घ्यायचं आणि मग मोरचूद घालून जस्ताला पुन्हा जागं करायचं.

"म्हणजे चाव्या किती?" काकांनी विचारलं. मोजल्या तर प्रत्येक टाकीची हवा, प्रत्येकीची पातळी, तीन-चार रसायनं, चुना, पाणी. मोठ्या प्लांटमध्ये पन्नासच्या पुढे सहज.

"आणि पाणी पोचल्याचं कळतं कसं?"

हाच तो प्रश्न. काका टेकडीच्या पायथ्याशी चावी फिरवायचे आणि वर पाणी पोचलं की नाही हे त्यांना अर्ध्या तासाने कुणीतरी ओरडून सांगितल्यावर कळायचं. तोपर्यंत घाई करून आणखी दोन पिळे दिले असते तर वर पूर आणि खाली ठणठणाट. प्लांटमध्येही तसंच. दळणाकडून आलेला दगड बदलला तर त्याचा परिणाम शेवटच्या मालात दिसायला बराच वेळ जातो. मालात तांबं किती हे कळायला लॅबमध्ये नमुना पाठवला तर उत्तर येईपर्यंत शिफ्ट संपायला येते. क्ष-किरण टाकून वाहत्या चिखलातच तांबं-लोखंड मोजणारी यंत्रं आहेत आणि चांगली आहेत. पण ती महाग असतात, म्हणून एकच यंत्र अनेक नळ्यांतले नमुने पाळीपाळीने बघतं. एका नळीची पाळी परत यायला दहा-वीस मिनिटं लागू शकतात. दिवसाला दहा हजार टनांच्या प्लांटमध्ये तेवढ्या वेळात सत्तर ते एकशेचाळीस टन दगड वाहून गेलेला असतो.

म्हणून जुने ऑपरेटर फेस बघायचे. अजूनही बघतात. बुडबुडे टपोरे, पाणचट, आरपार दिसणारे असले की कण चढलेले नाहीत. रंग पितळी-काळसर आणि पोत मखमली असला की माल भरलाय. फेस काठावरून किती वेगाने सांडतोय, फुटताना कसा फुटतोय. काही जण बोट फिरवून, अंगठ्यावर चोळून बघतात. तीस वर्षं एकाच प्लांटमध्ये काढलेला ऑपरेटर फेस बघून ग्रेडचा असा अंदाज सांगतो की लॅबवाल्याने मान खाली घालावी. पण शिफ्टला असा माणूस एक, टाक्या साठ, आणि त्याची सुट्टी असते तेव्हा दुसऱ्याचा अंदाज वेगळा. दोघं कामावर आल्याबरोबर आधीच्याने लावलेलं सगळं बदलतात. हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही. शिफ्ट बदलाची वेळ आलेखावर दुरून ओळखू येते.

आता यंत्राकडे येऊ. लोकांना वाटतं की ऑटोमेशन म्हणजे एक हुशार मेंदू आणला, खुर्चीत बसवला आणि माणसाला घरी पाठवलं. प्रत्यक्षात ते इमारतीसारखं खालून वर बांधावं लागतं आणि पाया कंटाळवाणा असतो.

पाया म्हणजे पातळी. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट बॉल पाणी भरलं की नळ बंद करतो, त्याचंच शिकलेलं भावंड प्रत्येक टाकीवर असतं. हवी ती पातळी आणि असलेली पातळी यातला फरक बघायचा. फरक किती आहे, किती वेळ साचलाय आणि कुठल्या दिशेने चाललाय या तिन्हींवरून व्हॉल्व्ह हलवायचा. याला पीआयडी म्हणतात. जहाजांच्या सुकाणूसाठी निकोलस मिनोर्स्कीने त्याचं गणित १९२२ मध्ये मांडलं होतं, आणि आजही जगातले बहुतेक कारखाने त्याच्यावरच चालतात. गोम अशी की इथे टाक्या रांगेत आहेत. पहिलीची पातळी वाढली, तिच्या व्हॉल्व्हने जास्त चिखल सोडला, दुसरी दचकली, तिने तिसरीवर ढकललं. प्रत्येक टाकी आपापल्यापुरती शहाणी आणि रांग मिळून वेडी. ठाण्याला एक गाडी चार मिनिटं थांबली की भायखळ्यापर्यंत काय होतं ते आपण रोज बघतो. यावर उपाय साधा आहे: वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह हलला की त्याच क्षणी खालच्या सगळ्यांना आगाऊ कळवायचं, म्हणजे लोंढा पोचायच्या आत त्या वाट मोकळी करतात. दक्षिण आफ्रिकेतल्या मिनटेक संस्थेने यासाठी केलेली प्रणाली अनेक प्लांटमध्ये बसली आहे. दिसायला काहीच नाही, नुसती पातळीची रेघ शांत होते. पण माझ्या मते फायद्याचा मोठा भाग इथेच असतो. पातळी हेलकावत असेल तर फेसाचा थर क्षणाला जाड, क्षणाला पातळ. त्यावर कितीही भारी मेंदू बसवला तरी तो हलत्या बोटीत सुईत दोरा ओवत बसणार.

पाया शांत झाला की डोळे. टाकीच्या काठावर कॅमेरा लावतात. तो फेसाचा वेग, बुडबुड्यांचा आकार आणि रंग मोजतो, दर काही सेकंदांना, न कंटाळता. ऑपरेटरच्या अंगठ्याची कला त्याला येत नाही. पण साठही टाक्यांवर तो एकाच नजरेने बघतो आणि शिफ्ट बदलली तरी त्याची नजर बदलत नाही. यातला वेग सगळ्यात कामाचा. फेस किती वेगाने सांडतोय आणि त्याची उंची किती यावरून एकूण किती माल निघतोय याचा अंदाज येतो, आणि रांगेतल्या कुठल्या टाकीने किती ओढायचं याची वाटणी करता येते. हवेबद्दल लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी दाखवून दिलेली एक बाब मला फार आवडते. टाकीत सोडलेल्या हवेपैकी किती हवा न फुटलेल्या फेसाच्या रूपाने काठ ओलांडते ते मोजा. हवा वाढवत नेली की हा वाटा आधी वाढतो, एका शिखरावर पोचतो आणि मग फेस फुटायला लागून घसरतो. टाकी सगळ्यात चांगलं काम त्या शिखराजवळ करते. म्हणजे हवा किती सोडावी हे खुद्द फेसच सांगतो, विचारायची पद्धत कळली पाहिजे.

आणि सगळ्यात वर तो मेंदू, ज्याला ॲडव्हान्स्ड प्रोसेस कंट्रोल किंवा नुसतं एपीसी म्हणतात. त्यातली मुख्य युक्ती पुढचं बघण्याची आहे, आणि ती काकांना मला समजवावीच लागली नाही. प्लांटमध्ये आधी एकेक चावी मुद्दाम थोडी हलवून बघतात: हवा इतकी वाढवली तर कुठली टाकी, किती मिनिटांनी, किती बदलली. त्यातून प्लांटची एक अंदाजी प्रतिकृती कॉम्प्युटरात तयार होते. मग दर मिनिटाला तो या प्रतिकृतीवर पुढचा तासभर चालवून बघतो. सगळ्या चाव्या मिळून कशा फिरवल्या तर ग्रेड मर्यादेत राहील, रिकव्हरी वाढेल आणि कुठली टाकी वाहणार नाही हे शोधतो. अख्ख्या तासाचा बेत आखतो, पण त्यातली पहिली चाल तेवढी खेळतो. पुढच्या मिनिटाला नवी मोजमापं आली की बेत रद्द, पुन्हा पहिल्यापासून विचार. काका म्हणाले, "म्हणजे पाणी चढतंय तोवर घाबरून चावी फिरवायची नाही." हो. उशीर किती आहे हे ज्याला माहीत आहे तो वाट बघू शकतो, आणि पीआयडीला नेमकं तेच जमत नाही.

तेलशुद्धीकरणात हे तंत्र जुनं आहे. शेल कंपनीतल्या कटलर आणि रॅमेकर यांनी आपली पद्धत १९७९ मध्ये मांडली होती. खाणी मागे का राहिल्या? कच्च्या तेलाची जहाजं बदलतात तेव्हा ते आधी कळतं, कागद बरोबर येतो. दगड न सांगता बदलतो. सकाळी खाणीच्या पूर्वेकडचा, दुपारी पश्चिमेकडचा, एक कडक, एक मातकट, एकात पायराइट दुप्पट. आणि पाणी फिरवून पुन्हा वापरतात, त्यामुळे कालचं उरलेलं रसायन आजच्या फेसात येतं. परवा जमवलेली प्रतिकृती आज जुनी होते.

इथपर्यंत खाण कुठेही असली तरी गोष्ट सारखीच. आपल्या जवळची म्हणायची तर मालंजखंड: विदर्भ एक्स्प्रेसने गोंदिया, तिथून बालाघाट, पुढे बैहरच्या जंगलाकडे. पण जगातल्या बऱ्याच खाणींपुढे मालंजखंड म्हणजे दादर. मंगोलियात गोबी वाळवंटातली ओयू तोलगोई घ्या. किंवा अलास्कातली रेड डॉग, आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला. तिथला जस्ताचा माल वर्षभर साठवून ठेवतात, कारण समुद्र जहाजांसाठी मोकळा असतो तो साधारण शंभरच दिवस. अशा जागी माणसं विमानाने येतात, दोन आठवडे काम करून विमानाने परत जातात. पगार चांगला, तरी घर सोडून कोण किती वर्षं राहणार? तीस वर्षं एकाच फेसाकडे बघणारा माणूस तिथे घडतच नाही. म्हणून नियंत्रण शहरात आणायचं. रिओ टिंटो या खाणकंपनीने ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागातल्या लोहखाणींसाठी सुमारे दीड हजार किलोमीटरवर पर्थला केंद्र उघडलं २०१० मध्ये. तिथे फेनतरण नाही, पण वाट दिसली. आता आमच्यासारखे आणखी लांब बसलेत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ऐरोलीतून मी चिलीतला व्हॉल्व्ह फिरवत नाही. फिरवूही नये. जुन्या पद्धतीचा उपग्रह जमिनीपासून छत्तीस हजार किलोमीटरवर असतो; सिग्नल जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद जातो आणि वादळात तेही येत नाही. सुरक्षेचा प्रश्न वेगळाच. त्यामुळे नियंत्रण करणारा कॉम्प्युटर खाणीतच बसतो. मुंबईत येतात ते आलेख. प्रतिकृती शिळी झालीय का, कुठली चावी सतत मर्यादेला टेकतेय, ऑपरेटरने कुठली टाकी मॅन्युअलवर काढून ठेवलीय आणि का, हे बघणं, सुधारणा सुचवणं, तिथल्या माणसाशी बोलणं एवढंच आमचं काम. एपीसी दर काही सेकंदांना पायाच्या प्रणालीला "मी जिवंत आहे" असा ठोका देत असतो. ठोका चुकला की खालच्या प्रणालीने धक्का न देता ताबा घ्यायचा, शेवटचे आकडे धरून ठेवायचे आणि ऑपरेटरला हाक मारायची. हे नीट बांधलेलं नसेल तर बाकी हुशारी बिनकामाची.

दूरच्या खाणीत सगळ्यात मोठा शत्रू साधा असतो: घाण. मी नवा होतो तेव्हाचा एक प्रसंग आहे, खाणीचं नाव सांगत नाही. पीएच मोजणारी कांडी चुन्याच्या पाण्यात असते, तिच्यावर हळूहळू चुन्याचंच पुट चढतं. त्या पुटाआड कांडी जुनाच आकडा दाखवत राहिली, हव्या त्यापेक्षा जरासा कमी. कंट्रोलर आज्ञाधारक. कमी आहे म्हणून चुना घालत गेला, घालत गेला. फेस घट्ट, चिकट झाला, रिकव्हरी उतरली. मी इकडे पडद्यावर बघत होतो आणि मला ती रेघ सुंदर वाटत होती, इतकी स्थिर. शेवटी तिथल्या ऑपरेटर बाईंनी पीएच मोजायचा कागद बुडवून बघितला आणि सगळं मॅन्युअलवर टाकलं. कांडी धुवायला आठवड्यात दोनदा माणूस जायला हवा होता, तो सुट्टीवर गेला होता आणि बदली माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून पडद्यावर फार सरळ रेघ दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. खरा प्लांट थोडा थरथरतोच. आता आम्ही प्रत्येक मोजमापाला हीच परीक्षा लावतो: थरथर थांबली, तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, चावी जिथे आहे तिथे सोडायची.

कॅमेऱ्याचं तसंच. एका प्लांटमध्ये रात्री दिवे बदलले, पिवळ्या जागी पांढरे. फेसाचा रंग बदलला आणि कॉम्प्युटरला वाटलं ग्रेड पडला. तेव्हापासून कॅमेऱ्याला झाकण आणि स्वतःचा दिवा.

विकणारे लोक येतात तेव्हा रिकव्हरी किती वाढेल याचे आकडे सांगतात, हल्ली त्यात एआय हा शब्दही असतो. यंत्रशिक्षणाचा उपयोग आहे, विशेषतः दोन मोजमापांच्या मधल्या वेळात ग्रेडचा अंदाज बांधायला. पण मी एकच विचारतो: गेल्या वर्षी बसवलेलं तुमचं सॉफ्टवेअर आज किती तास चालू असतं? बरेच ठिकाणी उद्घाटनाला चालू होतं आणि वर्षभरात ऑपरेटरने एकेक करून सगळं मॅन्युअलवर आणलेलं असतं, कारण ते का काय करतंय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. फायदा मोजायचा असेल तर आधीचा महिना आणि नंतरचा महिना असं चालत नाही, तेवढ्यात दगडच बदलतो. चिठ्ठ्या टाकून काही दिवस चालू, काही दिवस बंद असं करावं लागतं, महिनोन्महिने. हे करायला तयार होणारा विक्रेता मला आवडतो.

परवाची गोष्ट. घरूनच बघत होतो, रात्रीचे साडेनऊ, म्हणजे तिकडे दुपारचे बारा. दुसऱ्या रांगेत फेसाचा वेग उतरायला लागला. एपीसीने हवा वाढवली, आणखी वाढवली, मर्यादेला टेकला, आणि तेवढ्यात ऑपरेटरने ती रांग काढून घेतली. मी निरोप पाठवला. त्याची स्पॅनिश, माझी इंग्रजी, मध्ये भाषांतराचं ॲप. कॅमेऱ्याची काच पुसली का? पुसली, म्हणाला. काच स्वच्छ होती. खाणीच्या नव्या बाजूचा मातकट दगड आलाय, डोळ्यांनी बघून आलोय, हवा नको, फेस वाढवणारं रसायन थोडं हवंय. मी आलेख मागे नेऊन बघितला. दळणाच्या गिरणीची वीज पाऊण तासापूर्वीच खाली आली होती, म्हणजे मऊ दगड. ही खूण आमच्या प्रतिकृतीत नाही. वहीत लिहून घेतलं.

काका मॅच संपवून दाराशी आले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग, दिली का त्याने चावी परत?"

"अजून नाही. म्हणाला, जेवून आल्यावर देतो."

"बरोबर आहे," काका म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले.